खांदेलचं कूळ

हौसेरावचा दिवस पहाटे साडेतीनला सुरू व्हायचा. घरात गजराचं घड्याळ नव्हतं आणि त्याला ते लागतही नव्हतं. राहीबाई स्टोव्ह पेटवायची तोवर तो तोंड धुऊन, डोक्याला फडकं बांधून उंबऱ्यात बसलेला असायचा. चहा संपेपर्यंत एक शब्द नाही. मग शेजारच्या खोलीचं दार ढकलायचा आणि अंधारातच विचारायचा, "नाना, जागं हाय का?"

"झोपलोय," आतून ज्योतिबा म्हणायचा.

एवढं झालं की हौसेराव कामाला निघायचा.

ज्योतिबा एके काळी हौसेरावच्याच माथाडी टोळीचा मुकादम. दोघंही साताऱ्याकडचे, पाटण तालुक्यातल्या एकाच गावचे. वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात ज्योतिबाने अर्धं आयुष्य गोण्या वाहिल्या. गाडीला लावलेल्या फळीवरून उतरताना एकदा पाय घसरला, पाठीवरची गोणी अंगावर आली आणि कमरेखालचं अंग गेलं. बायको आधीच वारलेली. मूलबाळ नाही. कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीतली एक खोली, एक खाट आणि पायांवर ओढलेलं घोंगडं, एवढाच पसारा. त्याच्या दोन भाकऱ्या राहीबाई आपल्या तव्यावर टाकायची. वसाहतीत कुणी म्हणालं, "हौसेराव, तुमी लई पुण्य करताय," की हौसेराव भडकायचा. पुण्य कसलं? टोळीत एकाची पाठ बसली तर त्याच्या वाटणीचं ओझं बाकीच्यांनी उचलायचं असतं. ते काम आहे. कामाला पुण्य म्हणणाऱ्याच्या मनात ते टाळायचं असतं, असं त्याचं ठाम मत होतं.

हौसेराव रागीट होता, हे कुणी नाकारणार नाही. पण उगाच रागावत नव्हता. गोणीला हात लावल्यासारखं करून वजन दुसऱ्यावर ढकलणारा माणूस दिसला की त्याचं डोकं फिरायचं. आणि सगळ्यांत मोठा गुन्हा म्हणजे अर्धी गाडी सोडणं. ज्या टोळीने गाडीचा मागचा फाळका उघडला त्या टोळीने ती खाली करायची. पाऊस असो, ताप असो. अर्धी गाडी सोडणाऱ्याला मार्केटात कुणी तंबाखू देत नसे.

पुस्तकांचा नाद ज्योतिबानेच लावला. त्याला अक्षरओळख नव्हती, पण कान होता. एका गाळ्यात आलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यातून त्याने एक जाड पुस्तक ओढून काढलं. मुखपृष्ठावर जळता डोंगर आणि त्यातून जाणारी पायवाट. "हौश्या, सातवी शिकलायस ना? वाच." गाड्या खाली झाल्यावर, जेवणं उरकून टोळी रिकाम्या बारदानांवर बसली आणि हौसेरावने वाचलं. 'अग्निखिंड' या कादंबरीमालेचा तो पहिला भाग होता.

मालेत पाच भाग. एक राज्य जळतं, राणी जखमी होते आणि तिला खिंडीपलीकडे न्यायला कुणी तयार होत नाही. घोडेस्वार नाही, मांत्रिक नाही. खांदेल नावाचा एक ओझेवाला तिला पाठीवर घेतो आणि चालू लागतो. पुढचे भाग तो चालतोच आहे. राक्षस येतात, बर्फ येतं, सोबती उलटतात. खांदेल राणीला खाली ठेवत नाही.

टोळी खुळी झाली. वर्तमानपत्रात फक्त क्रिकेट बघणारा भैरू सकाळी गाडीवर चढतानाच विचारायचा, "आज कुठवर न्यायचा खांदेलला?" ज्योतिबा मधेच वाचन थांबवायचा. "बघा, त्यानं वजन मानेवर घेतलं न्हाई, कमरेवर घेतलं. लिव्हणाऱ्यानं कुणाला तरी ओझं वाहताना बघितलंय." पुढचे भाग वसाहतीजवळच्या वाचनालयातून यायचे. चौथा भाग सुरू होता तेव्हा ज्योतिबा पडला. तिथून पुढे हौसेराव सगळं दोनदा वाचू लागला. दुपारी टोळीला आणि संध्याकाळी ज्योतिबाला.

पाचव्या भागाच्या शेवटी खांदेल पोचतो. राणीला खाली ठेवतो, स्वतः टेकतो आणि पुन्हा उठत नाही. मरताना त्याला कुणीतरी विचारतं, तू कुणाचा कोण? तो नुसता हसतो. खाली लेखकाने बारीक अक्षरात छापलं होतं की खांदेलचं कूळ 'पूर्वकाळ' या वेगळ्या ग्रंथात सांगितलं आहे.

"म्हंजे कुणाचा व्हता?" ज्योतिबाने विचारलं.

"पुस्तक आल्याबिगर कसं सांगू?"

ज्योतिबा बराच वेळ घोंगड्याचा काठ चोळत राहिला. मग म्हणाला, "माझ्या मागं माझं नाव घेणारं कोन न्हाई, हौश्या. त्याचं तरी कोन घेतंय का, बघू."

तेव्हापासून ज्योतिबा त्या ग्रंथाची वाट बघत होता. तब्येत खालावत होती, अन्न जात नव्हतं. ग्रंथ आधी येतो की दुसरं काही आधी येतं, हे हौसेरावला कळत नव्हतं, आणि कळत नसल्यामुळे तो सगळ्या जगावर डाफरत होता.

शहाण्णव साली 'पूर्वकाळ' वाचनालयात आला. संध्याकाळी तिथे सुभाष बसायचे. दिवसा ते सीबीडी बेलापूरला सरकारी कचेरीत कारकून आणि इथे बिनपगारी ग्रंथपाल. माणूस गोड. त्यांनी ग्रंथ काढून दिला आणि वर म्हणाले, "हौसेराव, टेन्शन नका घेऊ, नाही झाला तर परत आणा. मीपण चाळीस पानांत सोडला. नुसती नावं आहेत हो. याचा तो, त्याचा तो. पृथ्वी कशी झाली, आभाळ कुणी टांगलं. स्टोरी नाहीच."

"पाची भाग आवडलं न्हवं तुमाला?"

"फॅन आहे मी."

हौसेरावने पुस्तक काखेत मारलं आणि तो निघाला. वाटेत त्याचा संताप वाढत गेला. प्रस्तावनेत लिहिलं होतं की लेखकाने आधी हा पूर्वकाळ लिहिला, कितीतरी वर्षं लिहिला, आणि खांदेलची गोष्ट त्यातून नंतर निघाली. ज्या जमिनीवर हौसेराव चालत होता तिथे पूर्वी खाडी होती. शेजारच्या बोनकोडे गावातल्या जुन्या लोकांनी तिथे मासे धरलेले. डंपरच्या डंपर भराव पडला, तेव्हा वसाहत उभी राहिली. लोक बिल्डिंगचा रंग बघतात. भराव बघायला कुणी येत नाही. आणि वर म्हणायचं, फॅन आहे.

टोळीत मात्र तसं होणार नाही, असं त्याला वाटलं. तिथेच तो फसला.

पहिल्या दुपारी सगळे बसले. हौसेरावने नेहमीच्या चढ्या आवाजात, नेहमीच्या वेगाने सुरुवात केली. आदिशिळाचा धाराशिळ, धाराशिळाचे तिघे, मोठ्याचं उदयकूळ, मधल्याचं वेळूकूळ, धाकट्याचं भस्मकूळ. उदयकुळात पहिला अमुक, त्याचा तमुक. दुसऱ्या दुपारी निम्मे आडवे झाले. तिसऱ्या दुपारी भैरूने तोंडावर टोपी घेतली आणि टोपीखालून बोलला.

"हौसेराव, टेलिफोनची डिरेक्टरी कुठनं आणली ही?"

टोळी हसली.

"ऐकायचं नसंल तर ऊठ," हौसेराव म्हणाला.

"आवो पण खांदेल कुठाय? शेवटचं पान बघा की. कुणाचा कोन ते सांगून टाका, म्हंजे आमी मोकळं."

"बापजन्मात शेवटची गोणी आधी काढलीस का रं गाडीतनं?"

"गाडीत कांदा असतो. ह्यात काय हाय? डोक्याला शॉट."

तेव्हा हौसेराव जे बोलू नये ते बोलला. "अर्धी गाडी सोडणारी जात हाय तुमची." एवढं म्हणून त्याने पुस्तक मिटलं. कुणी हसलं नाही. भैरू टोपी झटकून उठला, त्याच्यामागे बाकीचे उठले. दुसऱ्या दिवसापासून दुपारी त्या बारदानांवर कुणी बसेना. काम चालू होतं, बोलणं बंद.

हौसेराव एकटा नेटाने वाचत राहिला. संध्याकाळी ज्योतिबासमोरही तसाच, दात-ओठ खाऊन, भराभर. पान उलटलं की आधीचं पान डोक्यातून जायचं. कोण कुणाचा भाऊ, कुणी कुणाचं आभाळ फोडलं, काही बसेना. ज्योतिबाचा डोळा लागायचा. त्या झोपेचाही हौसेरावला राग यायचा.

आणि त्यात सुभाषनी भर घातली. एका रविवारी हौसेराव रॉकेलच्या रांगेत असताना ते पुस्तकाची मुदत संपल्याचं सांगायला आले, ज्योतिबाशी गप्पा मारत बसले आणि म्हातारा किती आतुर आहे हे बघून कळवळले. वर्तमानपत्राच्या पुरवणीत त्या ग्रंथावर एक लेख आला होता, तो त्यांनी वाचला होता. त्यांनी सांगून टाकलं.

हौसेराव आला तेव्हा ते चपला घालत होते. "सांगितलं मी नानांना," ते हसून म्हणाले. "खांदेल राजघराण्यातला निघतो. उदयकूळ. आता तुम्ही सुटलात."

हौसेरावच्या हातात रॉकेलचा डबा होता. तो त्याने फार हळू खाली ठेवला. "सुभाषराव, तुमाला कुणी सांगितलं होतं सांगायला?"

"अहो, त्यांना बरं वाटावं म्हणून..."

"तुमी स्वता वाचलं न्हाई. लेख वाचला. लेख लिव्हणाऱ्यानं तरी वाचलं असंल काय? फुकटचं उचलून म्हाताऱ्याच्या हातात दिलं. त्यानं इतकी वर्सं वाट बघितली ती ह्या एका वाक्यासाठी?"

"माझा हेतू..."

"हेतू घेऊन मी काय करू?"

सुभाष पडलेल्या चेहऱ्याने गेले. राहीबाई दारातून म्हणाली, "आवं, चांगला माणूस हाय त्यो. किती तोडाल?"

"तू गप."

"मी गप बसते. पर आधी टोळी गेली, आता हे गेलं. उद्या माझा नंबर लावा." आणि ती आत गेली.

हौसेराव खाटेजवळ बसला. ज्योतिबा छताकडे बघत होता.

"राजाचा निघाला म्हंजे," ज्योतिबा म्हणाला. "मग ओझं का वाहत व्हता?"

"म्हाईत न्हाई. अजून तिथवर आलो न्हाई."

"मग ये की तिथवर."

"आता काय राहिलं, नाना? सांगितलं न्हवं त्यांनी."

ज्योतिबा हसला. दात राहिले नव्हते, तरी मुकादमाचं हसू होतं. "गाडीत काय माल हाय ते पावतीवर लिव्हलेलंच असतंय. म्हणून गाडी खाली हुती व्हय?"

हौसेरावने पुस्तक मांडीवर ओढलं.

"पर तू चुकतोयस," ज्योतिबा पुढे म्हणाला. "कांदा पळवायचा असतो. हे पळवायचं न्हाई. आणि ही गोणी एकट्यानं घ्यायला बघतोयस. पाठीवर द्यायला दोघं लागत्यात, इसरला का? गावाकडं हेळवी येतो, आठवतंय?"

आठवत होतं. काही वर्षांनी एकदा हेळवी गावात यायचा, बैलावर बसून, पायांवर घोंगडं टाकून. प्रत्येक घराच्या दारात त्या घराची वंशावळ सांगायचा. खापरपणज्याच्या आधीपासूनची नावं, एकेक, सावकाश. घरातली माणसं डोकं झाकून बसायची आणि सुपात धान्य घेऊन यायची. तिथे कुणी म्हणत नसे, की नुसती नावं आहेत. आपलं नाव येईपर्यंत प्रत्येक जण दुसऱ्याच्या नावाला हुंकार द्यायचा.

"ह्यो ग्रंथ वाचायचा न्हाई," ज्योतिबा म्हणाला. "पुकारायचा हाय. आणि माझ्या पायावर घोंगडं हायच."

दुसऱ्या दिवशी दुपारी गाड्या खाली झाल्या. टोळी गाळ्याच्या सावलीत पलीकडे बसली होती. मार्केटात गोणी मागायला तोंड उघडत नाहीत. थप्पीपुढे पाठ वाकवून उभं राहायचं असतं. मग जवळचे दोघं येऊन गोणी उचलतात आणि पाठीवर देतात. भांडण असलं तरी वाकलेल्या पाठीला नाही म्हणत नाहीत. हौसेरावने 'पूर्वकाळ' बारदानाच्या थप्पीवर ठेवला आणि त्याच्यापुढे तो पाठ वाकवून उभा राहिला.

बराच वेळ कुणाला समजेना.

"कमरेत भरलं काय ह्यांच्या?" कुणीतरी म्हणालं.

भैरूला समजलं. तो उठला, तंबाखू थुंकून आला. "आमी अर्धी गाडी सोडणारं न्हवं," तो म्हणाला. "आता कशाला वाकताय?"

हौसेराव वाकलेलाच राहिला. माफी मागणं त्याच्याने होण्यासारखं नव्हतं, आणि भैरूलाही ते माहीत होतं. भैरूने आणखी एकाला खूण केली. दोघांनी ते पुस्तक दोन टोकांना धरून, शंभर किलोचं असल्यासारखं कण्हत उचललं आणि हौसेरावच्या पाठीवर ठेवलं.

"कुठं टाकायचं?" भैरूने विचारलं.

"नानाच्या खोलीत. मार्केट बंद असंल त्या दिवशी."

त्या सुट्टीला सगळी टोळी ज्योतिबाच्या खोलीत आणि दाराबाहेर बसली. ज्योतिबाने प्रत्येकाला एकेक कूळ नेमून दिलं. भैरूला उदयकूळ. राहीबाई दारात उभी होती, तिने वेळूकूळ मागून घेतलं. "माहेरचं आडनाव वेळे हाय माझं," ती म्हणाली. हौसेराव एक ओळ वाचायचा आणि थांबायचा. ज्योतिबा घोंगडं सारखं करून ते नाव हेळव्यासारखं लांबवून पुकारायचा. ज्याचं कूळ असेल त्याने म्हणायचं, "आहे." शाखा संपली की म्हणायचं, "बुडाली," आणि मधल्या सुपात चिमूटभर ज्वारी टाकायची.

चमत्कार झाला असं नाही. जांभया यायच्या. एक-दोघं दुसऱ्या वेळी आले नाहीत. पण ज्याच्या हातात कूळ होतं त्याला आपल्या माणसांची काळजी लागली. वेळूकुळातल्या एकाने भावाचा सूर्य चोरला, तेव्हा राहीबाई दोन दिवस खजील होती. सुभाष पुस्तक मागायला आले आणि उंबऱ्यावर घुटमळले. हौसेरावने मान वर केली नाही. भैरू सरकून बसला. "सायेब, या. भस्मकूळ रिकामं हाय. वाईट लोकं हायती, पर कुणीतरी पाहिजे." सुभाष बसले. पुढच्या सुट्टीला ते आपल्या जावयाबद्दल बोलावं तसे भस्मकुळाबद्दल बोलत होते. पुस्तकाची मुदत त्यांनीच वाढवून घेतली.

असं करत टोळी खांदेलपर्यंत आली. सुभाषनी सांगितलं ते खोटं नव्हतं. खांदेल उदयकुळाचाच होता. पण पूर्वकाळात आभाळ हे एक ओझं होतं आणि ते आळीपाळीने वाहायचं ठरलं होतं. उदयकुळाच्या पहिल्या राजाने ते वाटेतच खाली ठेवलं. जिथे ठेवलं तिथे जमीन फाटून अग्निखिंड झाली. तेव्हापासून त्या घरात प्रत्येक पिढीत एक जण गादीवर बसायचा आणि एक जण ओझं वाहायला बाहेर पडायचा. वंशावळीत प्रत्येक नावापुढे एकच शब्द होता. 'बसला' किंवा 'वाहिला'. वाहणाऱ्यांपैकी घरी कुणी परतलं नाही, पण नाव एकाचंही गाळलेलं नव्हतं.

"अर्धी गाडी सोडली त्यानं," भैरू हळूच म्हणाला. "म्हणून झालं हे सगळं."

हौसेरावने शेवटची ओळ वाचली. "खांदेल. वाहिला. अपत्य नाही."

ज्योतिबाने पुकारलं. नंतर सगळे भैरूकडे बघू लागले. भैरूच्या चिमटीत ज्वारी होती.

"आहे," भैरू म्हणाला.

"तसं न्हाई लिव्हलेलं," हौसेराव म्हणाला.

"नसू दे."

"भैऱ्या, लिव्हलंय ते म्हण. इथवर येऊन माल बदलतोस?"

"बुडाली म्हणायचं न्हाई मला," भैरूने सांगितलं, आणि त्याने खाटेकडे बघायचं टाळलं.

ज्योतिबानेच मिटवलं. "म्हण रं. बुडालेल्याचंबी नाव घेत्यात, एवढंच बघायचं व्हतं मला. म्हण."

"बुडाली," भैरू म्हणाला आणि ज्वारी सुपात पडली.

ज्योतिबा पुढच्या माघात गेला. त्याला पाठीवर घेऊन जिन्यातून खाली आणलं ते हौसेरावने, आणि उचलून दिलं भैरूने आणि सुभाषनी.

त्याच वर्षी गावाकडे हेळवी आल्याचा निरोप आला. हौसेराव रजा टाकून गेला. हेळवी आळीतल्या मोहित्यांची वंशावळ सांगून उठला, तसा हौसेराव म्हणाला, "ज्योतिबाचं घर राहिलं."

"त्या घरात कोन न्हाई आता. सूप कोन आणणार? बुडालेल्या घरापुढं आमी थांबत न्हाई, पाव्हणं."

हौसेरावचा आवाज अख्ख्या आळीने ऐकला. त्या माणसाने जन्मभर लोकांचं अन्न पाठीवरून वाहिलं, आणि त्याचं नाव घ्यायला तुझा बैल थांबत नाही? कुणी हौसेरावला आवरायला गेलं नाही. हेळवीही वयस्क होता. तो शांतपणे म्हणाला, "बैल म्हातारा झालाय, पाव्हणं. आता सगळ्या दारात थांबवत न्हाई त्याला."

त्या दिवाळीच्या बोनसातून घरात गॅस यायचा होता. शेगडी कुठे ठेवायची ती जागासुद्धा ठरली होती. हौसेरावने राहीबाईला गावची हकिकत सांगितली. तो भिंतीकडे तोंड करून, पाठ वाकवून चपलेचा अंगठा बघत उभा राहिला.

राहीबाईने त्या पाठीकडे पाहिलं. "स्टोव्ह चालतोय अजून," ती म्हणाली.

बोनसातून कराडच्या बाजारात एक पांढरा खोंड घेतला. नव्या खोंडावर बसून हेळवी ज्योतिबाच्या बंद दारापुढे थांबला. सूप हौसेरावने धरलं होतं. हेळव्याने पायांवरचं घोंगडं सारखं केलं आणि हौसेरावने सांगितलं होतं तसंच, एक शब्द कमी नाही की जास्त नाही, पुकारलं. "ज्योतिबा. वाहिला."